रुग्णालयाच्या दाराअलीकडचा इतिहास

या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही बेंगळूरमधील मराठी वस्तीच्या इतिहासावर लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. परंतु शहाजीराजांपासूनचा तो इतिहास आमच्याहून अधिकारी व्यक्ती लिहितीलच. आम्ही पडलो बी. ए. झालेले सरकारी नोकर. शिवाय मंडळाच्या आठवणी काढू लागलो की आमचे मन १९९६ च्या गणेशोत्सवातील एका संध्याकाळपाशी येऊन अडते. म्हणून थोडा निराळा इतिहास सांगण्याची परवानगी घेत आहोत.

त्या संध्याकाळी आरतीनंतर आमचे एक वयोवृद्ध सभासद सभागृहातच कोसळले. आम्ही पाच-सहा तरुण धावलो. कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चमच्याने पाणी पाजू लागले. मग रिक्षा आणली आणि दोघांच्या मध्ये त्यांना ताठ बसवून निघालो. मान पुढे लोंबत होती; ती सावरावी एवढेही आम्हांला सुचले नाही. रुग्णालयात पोहोचेपर्यंत सारे संपले होते. आपण शक्य ते सर्व केले, असे समाधान आम्ही बरीच वर्षे मानीत आलो.

जखमी वा रोगी माणूस वैद्यापर्यंत पोहोचेतो त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न प्रथम पडला तो रणांगणावर. अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवरायांनी जखमींना जखमा पाहून होन दिल्याचे सभासदाची बखर सांगते. मात्र त्यांना रणातून कोणी व कसे उचलले, याविषयी इतिहास फारसे बोलत नाही. फ्रान्सच्या सैन्यात १७९२ पासून शल्यविशारद लॅरे याने हलक्या गाड्या लढाई चालू असतानाच जखमींपर्यंत नेण्याचा परिपाठ पाडला. तोवर जखमींनी लढाई संपण्याची वाट पाहावी, अशीच रीत होती. हुद्दा न पाहता ज्याची जखम गंभीर त्याला आधी हात लावावा, हा दंडकही त्याचाच. आपल्याकडे हे काम डोलीने होई. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत डोलीवाले नेमलेले असत. सह्याद्रीतल्या रस्ता नसलेल्या वाड्यांवरून रोग्याला आजही झोळीत घालून आणावे लागते, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

बेंगळूरपुरते पाहिले, तर व्हिक्टोरिया रुग्णालयाची कोनशिला १८९७ मध्ये बसली आणि १९०० मध्ये लॉर्ड कर्झनच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मधल्या काळात, १८९८ मध्ये, शहरावर प्लेग कोसळला. त्यातून मल्लेश्वरम् व बसवनगुडी या वस्त्या आकारास आल्या, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण प्लेगनिवारणाच्या कामात निरोप लवकर पोहोचावेत म्हणून शहरात दूरध्वनीच्या तारा टाकल्या गेल्या, हे फार थोड्यांना माहीत असते. म्हणजे दूरध्वनी येथे आला तोच मुळी रोगराईचे बोट धरून!

खरी क्रांती झाली १९६० नंतर. त्या वर्षी बाल्टिमोरच्या कौवेनहोवेन, जूड व निकरबॉकर या तिघांनी बंद पडलेले हृदय छाती न उघडता, केवळ तळहातांच्या दाबाने रक्त खेळते ठेवू शकते, असे दाखवून दिले. १९६६ मध्ये बेलफास्टच्या डॉ. पॅन्ट्रिज यांनी हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र रुग्णवाहिकेत बसविले. मात्र आम्हांला सर्वांत भावते ती पिट्सबर्गची कथा. तेथील कृष्णवर्णीय वस्तीतील तरुणांना, ज्यांना कोणी नोकरी देत नसे, डॉ. पीटर सफर यांनी १९६७ पासून कित्येक महिने शिक्षण दिले आणि ‘फ्रीडम हाऊस’ नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. तोवर रुग्णवाहिका म्हणजे रोगी वाहून नेणारी गाडी. या तरुणांनी गाडीतच उपचार सुरू केले. पुढे १९७५ मध्ये नगरपालिकेने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊस बंद पडली; त्या तरुणांपैकी पुष्कळांना नव्या सेवेत टिकू दिले गेले नाही. त्यांच्या वैद्यकीय संचालिका डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक मात्र जगभर गेले.

आपल्या शहरात २००० च्या सुमारास काही रुग्णालयांनी एकत्र येऊन १०६२ या क्रमांकाची अपघातसेवा चालविली. हैदराबादेत २००५ मध्ये १०८ सुरू झाली आणि १ नोव्हेंबर २००८ रोजी, कर्नाटक राज्योत्सवाच्या मुहूर्तावर, ‘आरोग्य कवच’ या नावाने ती येथे आली. महाराष्ट्राला २०१४ पर्यंत थांबावे लागले. तेथे गाडीत डॉक्टर असतो, येथे प्रशिक्षित तंत्रज्ञ. यांत उजवे कोणते, हा वाद आम्ही तज्ज्ञांवर सोपवितो. पोलिसांच्या भयाने जखमीला हात न लावणाऱ्यांची सबबही आता उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्यांना संरक्षण देणाऱ्या सूचनांना मान्यता दिली आहे.

आमच्या एका सभासदांचे चिरंजीव सध्या हेच शिक्षण घेत आहेत. त्यांना आम्ही १९९६ ची हकीकत सांगितली. त्यांनी विचारले, “काका, श्वास चालू होता का? किती वाजता कोसळले?” आम्हांला यांपैकी काहीच सांगता येईना. प्राणवायूवाचून मेंदूला चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते, हे त्यांनी समजाविले. बेशुद्ध माणसास बसते केले की जीभ व मान श्वासाची वाट अडवितात. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवावे, तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. श्वास नसेल तर १०८ ला कळवून लगेच छातीच्या मध्यभागी दाब द्यावा, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, किमान ५ सेंटिमीटर खोल, आणि मदत येईतो थांबू नये. कांद्याविषयी आम्ही विचारले तेव्हा ते नुसते हसले. “तुम्हांला कोणी शिकवलेच नव्हते ना,” एवढेच म्हणाले. त्या उद्गारात दोष नव्हता, म्हणूनच तो आम्हांला अधिक लागला.

नंतर ते सभागृहाचा जिना पाहून आले. मधल्या वळणावर स्ट्रेचर आडवे वळत नाही. रोग्याला खुर्चीत बांधून उतरवावे लागेल, असे त्यांचे मत पडले. आणखी एक गोष्ट त्यांनी सुचविली. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्तादेखील धड सांगता येत नाही, त्यातून परभाषेत तर नाहीच. तेव्हा मंडळाचा पत्ता व जवळच्या देवळाची खूण कन्नडमध्ये, वाचणाऱ्यास उच्चारता यावी म्हणून देवनागरी लिपीत लिहून, कार्यवाहांनी दूरध्वनीच्या वर भिंतीवर लावली आहे. जिन्याचा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे.