'ती' मतं, 'ते' बूथ : धुळ्याचा निकाल, मालेगावची १६२ मतं आणि माझी एक्सेल शीट

आजचा भाग थोडा इतिहासाचा आहे, थोडा गणिताचा, आणि थोडा माझ्या एका चुकीचा. चुकीपासूनच सुरू करतो.

४ जून २०२४. लोकसभेचा निकाल. त्या आठवड्यात मी शेगावला घरूनच काम करत होतो. एका स्क्रीनवर ऑफिसचा कोड, दुसऱ्या स्क्रीनवर मतमोजणी. एक्झिट पोलनी भाजपला दणदणीत बहुमत दाखवलं होतं, प्रत्यक्षात गाडी २४० वर थांबली. महाराष्ट्रात २०१९ साली युतीचे ४१ खासदार होते. या वेळी महायुती १७ वर आली आणि महाविकास आघाडी ३० वर गेली. दुपारपर्यंत आमच्या शाळेच्या ग्रुपवर तीनशे मेसेज. निम्मे लोक नाचत होते, निम्मे चिडलेले होते. पण एका गोष्टीवर दोघांचंही एकमत होतं : "हे सगळं त्यांच्या मतांमुळे झालं."

'त्यांच्या' म्हणजे कोणाच्या, हे कोणी लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

आता माझी चूक. निवडणूक आयोग निकालानंतर 'फॉर्म २०' नावाचा तक्ता प्रसिद्ध करतो. कोणत्या मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली, ते त्यात असतं. मी इंजिनिअर माणूस, हात शिवशिवले. पीडीएफमधून आकडे काढायला छोटी स्क्रिप्ट लिहिली, शेगावच्या बूथची शीट केली, रंगबिंग भरले आणि टाकली ग्रुपवर. पाच मिनिटांत एकाने दोन बूथना लाल गोल करून फोटो परत टाकला : "बघा, हे लोक."

त्यातल्या एका बूथवर माझा शाळेतला मित्र मतदान करतो. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. रात्री त्याचा फोन आला. चिडला नव्हता, शांतपणे म्हणाला, "तुह्या शीटमंदी माह्यं मत कोनतं हाये, मले सांग बरं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या बूथवर दुसऱ्या बाजूलाही थोडी मतं पडली होती. त्यात त्याचं असेल, नसेलही. पण ग्रुपसाठी तो त्या रात्रीपासून 'तो बूथ' झाला होता.

तर आजचा प्रश्न हा : धक्कादायक निकाल लागला की आपण अल्पसंख्याकांच्या मतदानाकडेच बोट का दाखवतो? आणि आकडे खरंच तसं सांगतात का?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण घेऊ. धुळे. २०१९ साली तिथे भाजपचे सुभाष भामरे २ लाख २९ हजारांच्या फरकाने जिंकले होते. २०२४ ला काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी त्यांना ३,८३१ मतांनी हरवलं. या मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं येतात. त्यातलं एक मालेगाव मध्य, यंत्रमागाचं गाव, मुस्लिमबहुल. तिथे बच्छाव यांना १,९८,८६९ मतं आणि भामरे यांना ४,५४२. बाकी पाच क्षेत्रांत मिळून भामरे जवळपास १ लाख ९० हजारांनी पुढे होते. एका क्षेत्राने सगळं उलटवलं. पुढे देवेंद्र फडणवीस यांनी धुळ्याचं उदाहरण देत 'व्होट जिहाद' हा शब्द जाहीर भाषणांत वापरला. दुसऱ्या बाजूचे लोक त्याच आकड्यावर "मालेगावने संविधान वाचवलं" म्हणत होते. शिवी वेगळी, शाबासकी वेगळी. पण दोघांच्याही डोळ्यांसमोर माणसं नव्हती, गठ्ठा होता.

आता तोच आकडा दुसऱ्या बाजूने बघा. भामरे यांची एकूण मतं २०१९ पेक्षा साधारण साडेतेहतीस हजारांनी कमी झाली. हरले किती मतांनी? ३,८३१. म्हणजे कांद्याच्या निर्यातबंदीने वैतागलेला बागलाणचा शेतकरी असो, घरी बसलेला कार्यकर्ता असो किंवा लग्नाला बाहेरगावी गेलेलं एखादं गाव, फरक कोणीही पाडू शकलं असतं. निसटत्या निकालात प्रत्येक गट निर्णायक असतो. आपण फक्त एकाचं नाव घेतो.

आमच्या बुलढाण्याचंच बघा ना. त्याच दिवशी प्रतापराव जाधव २९,४७९ मतांनी जिंकले आणि अपक्ष रविकांत तुपकर यांनी अडीच लाखांच्या आसपास मतं घेतली. चौकात सगळे म्हणाले, "शेतकऱ्यांनी दाखवून दिलं!" कौतुकाने म्हणाले. अडीच लाख लोकांनी एका माणसाला मत दिलं, त्याला कोणी गठ्ठा म्हटलं नाही.

आता थोडं मागे जाऊ.

इंग्रजांनी १९०९ च्या सुधारणांत मुस्लिमांसाठी स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्या जागांवर उमेदवारही मुस्लिम आणि मतदारही फक्त मुस्लिम. १९४६ पर्यंत हे चाललं. संविधान सभेने ही पद्धत मोडीत काढली. तुमचं मत आणि शेजाऱ्याचं मत एकाच पेटीत पडणार, हे आपण तेव्हा ठरवलं.

कागदी मतपत्रिकांच्या काळात आणखी एक काळजी घेता येत असे. जिथे धाकदपटशाची भीती असेल, तिथे मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकमेकांत मिसळण्याची तरतूद नियमांत होती. कारण साधं होतं. कोणत्या वस्तीने कोणाला पाडलं, हे निवडून आलेल्याला कळू नये. मग मतदान यंत्रं आली, २००४ ची लोकसभा पूर्ण देशभर यंत्रांवर झाली. यंत्र प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा देतं. मिसळणं संपलं. २००८ मध्ये आयोगाने 'टोटलायझर' सुचवलं : चौदा यंत्रं एकत्र जोडायची आणि फक्त बेरीज बाहेर काढायची. २०१५ मध्ये विधी आयोगानेही त्याची शिफारस केली. आजवर ते वापरात आलेलं नाही.

माझी शीट याच फटीतून जन्माला आली. आणि गंमत बघा, आयोग मतदारांची स्त्री-पुरुष-इतर अशी नोंद ठेवतो, धर्माची ठेवत नाही. म्हणजे 'अल्पसंख्याकांचं मतदान इतके टक्के झालं' असं जेव्हा कोणी ठासून सांगतं, तेव्हा तो वस्तीवरून बांधलेला अंदाज असतो, नाहीतर एखाद्या पाहणीचा. आयोगाची नोंद नसते.

महाराष्ट्राने असा धक्का आधीही पाहिलाय. १९९६ च्या लोकसभेत शिवसेना-भाजप युतीला ४८ पैकी ३३ जागा होत्या. दोनच वर्षांनी, १९९८ ला, फक्त १०. मधल्या काळात काय झालं? जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा माणसं गेली. मुंबईच्या दंगलींची जखम ताजी होती. शरद पवारांनी काँग्रेस, रिपब्लिकन आणि समाजवादी पक्ष अशी मोट बांधली. काँग्रेसला ३३ जागा मिळाल्या. रिपब्लिकन नेते चार निवडून आले : आमच्या शेजारच्या अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबईतून रामदास आठवले. चारही खुल्या मतदारसंघांतून.

तेव्हाही 'दलित-मुस्लिम एकवटले' हीच चर्चा. पण युतीच्या मतांची टक्केवारी तेव्हा घटली नव्हती, उलट थोडी वाढली होती! समोरची मतं आधी तीन ठिकाणी फुटायची, ती एका ठिकाणी आली, एवढाच फरक. आणि १९९९ ला काँग्रेस फुटली तेव्हा युती परत २८ वर. मतदार तोच. उमेदवारांची मांडणी बदलली की निकाल बदलतो.

आता परत मालेगावला येऊ, कारण खरी गोष्ट तिथे पाच महिन्यांनी घडली. नोव्हेंबर २०२४, विधानसभा. राज्यात महायुतीची लाट, आणखी एक धक्कादायक निकाल. मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १,०९,६५३ मतं आणि आसिफ शेख रशीद यांना १,०९,४९१. फरक १६२, राज्यातला सगळ्यात कमी. ज्यांना जूनमध्ये आपण 'एकगठ्ठा' म्हणालो, ते पर्याय समोर येताच बरोबर मधोमध दुभंगले. २००९ ला मुफ्ती, २०१४ ला आसिफ शेख, २०१९ ला परत मुफ्ती, असा उलटसुलट कौल हे गाव आधीपासूनच देत आलंय. आपण बघत नव्हतो.

आणि या वेळी बूथच्या आकड्यांवरून कोण अस्वस्थ झालं? सोलापूर जिल्ह्यातलं मारकडवाडी. आपल्या गावचा आकडा गावकऱ्यांना पटेना, म्हणून त्यांनी कागदी मतपत्रिकांवर स्वतःच पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. त्यांचा संशय बरोबर होता की नाही, हा आजचा विषय नाही. पण "या गावाने अमुक मत दिलं" असं आपल्यावर छापलं जाणं किती टोचतं, ते तेव्हा सगळ्या राज्याने पाहिलं. मालेगावला ते दर निवडणुकीला टोचतं. माझ्या मित्रालाही.

मी ती शीट ग्रुपवरून काढली. त्या लाल गोलांचे फोटो मात्र किती फोनमध्ये आहेत, देव जाणे. मित्राला हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी ऐकवला. तो म्हणाला, "सांग लोकायले. पन मी मत कोनाले देल्लं, ते मी तुले बी नाही सांगनार."

बरोबरच आहे. त्याचा तो हक्क आहे. पुढच्या निकालाला तुमच्या ग्रुपवर असा लाल गोल आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढं आठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.