अभ्यासासाठी एआय वापरताय? आधी हे वाचा

आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर सबमिशनच्या आदल्या रात्री एकच जर्नल दहा खोल्यांतून फिरायचं आणि सगळे ते छापायचे. छापताना निदान हात दुखायचा, एखादी आकृती डोक्यात राहायची. आता प्रश्नाचा फोटो चॅटजीपीटीला किंवा जेमिनीला दिला की काही सेकंदांत उत्तर हजर.

मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो तेव्हा याचा परिणाम दिसतो. प्रोजेक्टचा कोड एकदम नीटनेटका असतो, पण "ही ओळ काढली तर काय होईल?" असं विचारलं की समोरचा गप्प. एआय वापरलं म्हणून मी कुणाला नापास करत नाही, मीही ते रोज वापरतो. पण कोड तुमचा आणि समज दुसऱ्याची, हे पाच मिनिटांत कळतं.

सरावात पुढे, परीक्षेत मागे

यावर तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये जवळपास एक हजार विद्यार्थ्यांवर चांगला प्रयोग झाला आहे. गणिताच्या सरावासाठी एका गटाला फक्त वही-पुस्तक दिलं. दुसऱ्याला चॅटजीपीटीसारखं साधं टूल दिलं. तिसऱ्याला थेट उत्तर न देता फक्त हिंट देणारं टूल मिळालं. साधं टूल वापरणाऱ्यांचे सरावातले गुण वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त आले. मग टूल काढून घेऊन परीक्षा घेतली, तर तेच विद्यार्थी १७ टक्क्यांनी मागे पडले. हिंटवाला गट सरावात १२७ टक्क्यांनी पुढे होता आणि परीक्षेत त्याचं फारसं नुकसान झालं नाही.

कारण साधं आहे. पहिलं टूल मिळालेल्या मुलांनी बहुतेक वेळा सरळ उत्तरच मागितलं. त्यातही टूलची उत्तरं जेमतेम निम्म्या वेळा बरोबर होती! आणि मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे, आपण कमी शिकलोय हे त्या मुलांना जाणवलंच नाही.

एआय ठोकून का देतं?

ही टूल्स मुळात पुढचा शब्द कोणता यायची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधत वाक्य तयार करतात. माहिती नसली तरी वाक्य थांबत नाही. त्यामुळे पुस्तकाचं नाव, लेखक, पान क्रमांक, सगळं खरं वाटेल असं पण खोटं येऊ शकतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले खटले कोर्टात सादर केले आणि ५ हजार डॉलरचा दंड ओढवून घेतला. गंमत म्हणजे, त्यातल्या एकाने "हे खटले खरे आहेत ना?" असं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं. ते हो म्हणालं.

म्हणून खात्री करायची ती बाहेर. एआयने दिलेली लिंक उघडून बघा. शाळेच्या विषयांसाठी बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहेत, मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे.

"हे एआयने लिहिलंय" असा आरोप झाला तर?

शिक्षक कधीकधी डिटेक्टर वापरतात. पण ओपनएआयने स्वतः बनवलेला डिटेक्टर एआयचा फक्त २६ टक्के मजकूर पकडायचा आणि माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर एआयचा ठरवायचा. जुलै २०२३ मध्ये त्यांनी तो बंदच केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी ६१ टक्के वेळा ते एआयचे ठरले. पुढचा शब्द जितका सहज ओळखता येतो, तितका मजकूर डिटेक्टरला एआयचा वाटतो. मराठी माध्यमातून येऊन साधं, मोजक्या शब्दांचं इंग्रजी लिहिणाऱ्यांना याचा फटका आधी बसतो.

यावर उपाय एकच, पुरावा ठेवा. गुगल डॉक्समध्ये लिहिलंत तर व्हर्जन हिस्टरीत तुमची खाडाखोड दिसते. कच्च्या कामाची वही फेकू नका. आणि सरांना म्हणा, तोंडी विचारा.

मग वापरायचं कसं?

आधी स्वतः दहा मिनिटं झगडा. मग अडलेली पायरी टाईप करून असं सांगा: "मी अकरावीत आहे. उत्तर सांगू नको. माझं कुठे चुकलं ते दाखव आणि एकच हिंट दे." चॅटजीपीटीत स्टडी मोड आणि जेमिनीत गाइडेड लर्निंग याच कामासाठी आहेत, दोन्ही २०२५ मध्ये आले. ते बंद करून थेट उत्तर मागणं एका टॅपचं काम आहे, तेवढा मोह मात्र तुम्हालाच आवरावा लागेल.

मित्राची मार्कशीट, आधार कार्ड किंवा वर्गातल्या कुणाचे फोटो चॅटमध्ये टाकू नका. ते तुमचे नाहीत.

कॉलेजचा नियम आधी विचारा. परवानगी असेल तर रिपोर्टच्या शेवटी सरळ लिहा: "प्रकरण ३ मधली भाषा सुधारण्यासाठी चॅटजीपीटी वापरलं. आकडेमोड, कोड आणि निष्कर्ष माझे आहेत." मुलाखतीत असं लिहिलेला रिपोर्ट समोर आला, तर मी पहिला प्रश्न प्रकरण ३ सोडून बाकीच्यावर विचारतो.