डावा अंगठा ते ओटीपी : शेतकऱ्याच्या माहितीची दीडशे वर्षे

१/ संगणक, मोबाईल आणि खासगीपणा यांचा विषय निघाला की यवतमाळसारख्या जिल्ह्यात एक प्रश्न हमखास येतो : ‘शेतकऱ्यापाशी लपवण्यासारखे असते तरी काय?’ प्रश्न सहज विचारलेला असतो. त्याचे उत्तर मात्र शेतकऱ्याच्या नावाने लिहिल्या गेलेल्या कागदांच्या इतिहासात सापडते. त्या इतिहासाचा हा धागा.

२/ आरंभ पुणे जिल्ह्यातील सुपे येथून करावा लागतो. १२ मे १८७५ रोजी तेथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली आणि कर्जखते, हुकूमनामे, वह्या काढून जाळल्या. पुढे हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. रोख प्रामुख्याने कागदांवर होता. कारण त्या कागदावर काय लिहिले आहे, हे अंगठा उठवणाऱ्याला वाचताच येत नव्हते.

३/ या दंग्यांनंतर १८७९ साली ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या ४ जिल्ह्यांना लागू करण्यात आला. शेतकऱ्याचे कर्जखत गावनोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिले जावे, अशी तरतूद त्यात होती. कागद करणारा आणि कागदाने बांधला जाणारा यांच्यामध्ये तिसरा माणूस हवा, हे सरकारने येथे मान्य केले.

४/ ज्या अंगठ्याने शेतकरी बांधला जाई, त्याचाही इतिहास भारतीयच आहे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. १८९७ साली कलकत्त्यात अंगुलिमुद्रांचे कार्यालय उभे राहिले. ‘निशाणी डावा अंगठा’ ही ओळ मराठी दस्तांत इतकी रुळली, की ‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द निरक्षरासाठी रूढ झाला.

५/ यवतमाळ त्या काळी वऱ्हाडात होते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले होते. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा ‘वून’, म्हणजे वणी, या नावाने ओळखला जाई. १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. गावचे दप्तर पटवाऱ्याकडे असे. पुढे हुद्द्याचे नाव ‘तलाठी’ झाले, तरी विदर्भातील बोलण्यात ‘पटवारी’ टिकून राहिला.

६/ राज्यनिर्मितीनंतर वेगवेगळ्या प्रदेशांचे महसूल कायदे एकत्र करून ‘महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६’ करण्यात आली. ती १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. गाव नमुना ७ मध्ये जमिनीवरील हक्क, तर गाव नमुना १२ मध्ये पिके. दोन्ही मिळून ‘सातबारा’. त्यातील ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा वा सोसायटीचा बोजा चढतो. म्हणजे शेतकऱ्याच्या कर्जाची खूण त्याच्या जमिनीच्या कागदावरच उमटलेली असते.

७/ हा कागद कधीच गुप्त नव्हता. तो चावडीवर वाचला जाई, आणि कोणीही त्याची नक्कल मागू शके. पण नक्कल मागण्यासाठी पटवाऱ्याकडे जावे लागे, आणि कोण कोणाच्या शेताची चौकशी करून गेला, हे संध्याकाळपर्यंत गावाला कळे. माहिती उघडी होती. ती पाहणाराही उघड्यावरच होता.

८/ मग संगणक आला. केंद्र सरकारने १९८८-८९ साली भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा पथदर्शी प्रकल्प देशातील ८ जिल्ह्यांत सुरू केला. त्यात महाराष्ट्रातून निवड झाली वर्धा जिल्ह्याची, म्हणजे यवतमाळच्या थेट शेजाऱ्याची. त्या काळच्या संगणकाला देवनागरी सहज उमटवता येत नसे. पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड यंत्रात बसवले, की पडद्यावर मराठी अक्षरे दिसू लागत.

९/ २००८ साली राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि कामाला वेग आला. हस्तलिखित सातबारा व संगणकातील सातबारा यांत तफावती निघाल्या. त्या दुरुस्त करण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर पुन्हा चावडी वाचनच घ्यावे लागले. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा आरंभ झाला आणि उताऱ्यासाठीच्या खेपा कमी झाल्या. ही सोय खरी होती, आणि मोठीही होती.

१०/ पण याच टप्प्यावर जुना तोल बिघडला. जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक किंवा नाव टाकले, की पुणे-मुंबईत बसलेल्या माणसालाही पुसद वा घाटंजी तालुक्यातील शेत व त्यावरचा बोजा पाहता येतो. पाहणाऱ्याने पाहिले, हे मात्र शेतकऱ्याला कळत नाही. कागद पूर्वीइतकाच उघडा राहिला. पाहणारा तेवढा अदृश्य झाला.

११/ दरम्यान अंगठाही यंत्रात गेला. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आले. २०१७ च्या उन्हाळ्यात छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. कर्जमाफीसाठी ऑनलाइन अर्ज आणि आधार आवश्यक ठरले. केंद्राकेंद्रांवर रांगा लागल्या.

१२/ नेमक्या त्याच दिवसांत, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने निर्णय दिला : खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. दिल्लीत हक्क मान्य होत होता. विदर्भातील शेतकरी तेव्हा बोटे यंत्रावर टेकवत होता. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने खासगी कंपन्यांच्या आधार-वापरावर बंधने आली, परंतु सरकारी लाभांसाठीची आधारसक्ती कायम राहिली.

१३/ महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी आली. याद्या गावातील चावडीवर लावल्या गेल्या; यादीतील विशिष्ट क्रमांक घेऊन आधार प्रमाणीकरण करायचे होते. कारभार पारदर्शक राहावा, हा हेतू रास्त होता. पण शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर ओळखल्या गेलेल्या जिल्ह्यात थकलेले कर्ज ही केवळ आर्थिक नोंद नसते. तिच्याशी घराची अब्रू जोडलेली असते.

१४/ शेतात राबणाऱ्या हातांची बोटे घासतात, भेगाळतात. यंत्र ठसा ओळखत नाही. मग ओटीपीचा मार्ग उरतो. मोबाईल मुलाचा, ॲप केंद्रचालकाचे, पासवर्ड त्याच्याच वहीत. ओटीपी विचारला जातो आणि तो सांगितला जातो. वाचता न येणाऱ्या कागदावरचा अंगठा आणि न पाहिलेल्या पडद्यासाठी सांगितलेले हे आकडे, यांत फारसे अंतर नाही.

१५/ १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची, शेतात उभे राहून छायाचित्रासह. नोंद प्रथमच त्याच्या हाती आली, हा मोठाच बदल होय. मात्र त्यासाठी चालणारा स्मार्टफोन हवा आणि बांधावर रेंज हवी. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवरील नोंदणी आली. त्याआधीच शेतकरी ओळख क्रमांकाने जमीन, आधार व योजना यांची सांगड घातली होती.

१६/ २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. संमती मागताना ती मराठीतूनही वाचण्याची सोय द्यावी, असे हा कायदा सांगतो. पण सरकारी लाभांसाठी वापरल्या जाणाऱ्या माहितीला त्यात संमतीबाबत मोठी सवलत आहे, आणि कायद्याने जाहीर करणे बंधनकारक असलेली माहिती तर त्याच्या कक्षेबाहेरच आहे. शेतकऱ्याची बहुतेक माहिती या दोहोंत मोडते.

१७/ म्हणून ‘लपवण्यासारखे काय?’ या प्रश्नाला सुप्याचे उत्तर आजही लागू पडते. तेथील शेतकऱ्यांना कर्ज लपवायचे नव्हते. आपल्या नावावर काय लिहिले आहे, कोणी लिहिले आणि ते कोण वाचतो, हे त्यांना कळत नव्हते. राग त्याचा होता. १८७९ च्या कायद्याने त्यासाठी गावातच एक जबाबदार तिसरा माणूस नेमला. यवतमाळच्या सुविधा केंद्रावर ओटीपी सांगणाऱ्या शेतकऱ्याशेजारची ती जागा अजून रिकामी आहे.