इन्व्हर्टर नेमका किती तास साथ देणार?

अमरावती असो की अकोला, इन्व्हर्टर घ्यायला आलेल्या ग्राहकाचा पहिला प्रश्न एकच असतो, 'किती तास चालेल?' उत्तरही बहुधा ठरलेले असते, 'चार-पाच तास आरामात!' प्रत्यक्षात मे महिन्यातल्या एखाद्या रात्री वादळाने तारा तुटतात आणि दोन तासांतच इन्व्हर्टर शिट्टी वाजवून बंद पडतो. ग्राहक बॅटरीला दोष देतो, दुकानदार वापराला. वस्तुतः हिशेब दोघांनीही केलेला नसतो.

वऱ्हाडातील घराघरांत इन्व्हर्टर पोहोचला तो २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत. पारसचे औष्णिक वीज केंद्र अकोला जिल्ह्यात आणि अंधारही त्याच जिल्ह्यात, असा तो काळ होता. तेव्हा निदान वीज जाण्याचे वेळापत्रक तरी असे. रोहित्र जळाले किंवा वादळात खांब कोसळला, तर वीज केव्हा येईल हे कोणीच सांगू शकत नाही. अशा वेळी बॅटरीत किती तास उरले आहेत, याचा अंदाज स्वतःलाच बांधावा लागतो.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. इन्व्हर्टरवर लिहिलेला 'व्हीए'चा आकडा वेळ सांगत नाही. एकाच वेळी किती भार पेलता येईल एवढेच तो सांगतो. वेळ ठरते ती बॅटरीच्या 'एएच' म्हणजे अँपिअर-तासांवरून. १२ व्होल्ट आणि १५० एएच यांचा गुणाकार १८०० वॅट-तास. दोन पंखे (१५० वॅट), दोन एलईडी ट्यूब (४० वॅट), टीव्ही (६० वॅट) आणि राउटर-चार्जर (२० वॅट) मिळून २७० वॅट होतात. १८०० ला २७० ने भागले की पावणेसात तासांच्या जवळपास उत्तर येते. 'आरामात' हा शब्द येतो तो इथून.

पण यात दोन गोष्टी सुटतात. बॅटरीतील वीज घरगुती विजेत बदलताना काही भाग उष्णतेत वाया जातो. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर २७० वॅटसाठी बॅटरीतून सुमारे ३१८ वॅट, म्हणजे साडेसव्वीस अँपिअर ओढले जातात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बॅटरीवरील १५० एएच या आकड्याशेजारी बारीक अक्षरात 'सी-२०' असे छापलेले असते. याचा अर्थ, २० तासांत हळूहळू, साडेसात अँपिअरने रिकामी केली तरच ती १५० एएच देईल. वेगाने ओढली तर कमी देते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या या गुणधर्माचे सूत्र जर्मन शास्त्रज्ञ प्यूकर्ट यांनी १८९७ मध्येच मांडले. घरच्या बॅटरीसाठी त्यातील घातांक साधारण १.२ धरला, तर वरील भारावर नवी बॅटरी सुमारे चार तास वीस मिनिटे चालते. बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून पाचवा हिस्सा शिल्लक ठेवायचा म्हटले, तर उरतात साडेतीन तास. पावणेसातचे निम्म्यावर आले!

आता यात वऱ्हाडाचा कूलर जोडा. १५० वॅटचा मध्यम कूलर लावला की भार ४२० वॅट होतो. भार दीडपटीहून थोडा अधिक वाढला. वेळ मात्र अडीच तासांवर येते आणि पाचवा हिस्सा राखला तर दोन तासांवर. इन्व्हर्टरवर कूलर चालवायचा की दोन पंखे, हा निर्णय म्हणूनच वीज गेल्यानंतर नव्हे, आधी घ्यावा. उलट, २८ ते ३५ वॅटचे बीएलडीसी पंखे बसवले तर दुसरी बॅटरी घेण्याआधीच बराच वेळ पदरात पडतो.

हे झाले नव्या बॅटरीचे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या या भागात बॅटरी लवकर म्हातारी होते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. गंमत अशी की उष्णतेत बॅटरी त्या दिवशी किंचित जास्तच वीज देते. किंमत पुढच्या वर्षी वसूल होते. त्यामुळे ती गच्चीच्या खोलीत किंवा पत्र्याखाली ठेवू नये. पाणीही उन्हाळ्यात वारंवार तपासावे आणि भरायचे ते डिस्टिल्ड वॉटरच. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. ते बॅटरीत घालणे म्हणजे तिचा जीव घेणेच.

हिशेब चुकला तर गैरसोय होते, पण घरात रुग्ण असेल तर प्रश्न गैरसोयीपुरता राहत नाही. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. पाच लिटरचे असे यंत्र साधारण ३५० वॅट घेते. सोबत एक पंखा आणि एक ट्यूब धरली तर ४४५ वॅट. साध्या भागाकाराने चार तास मिळतात. प्यूकर्टच्या हिशेबाने नव्या बॅटरीवर जेमतेम अडीच आणि ७० टक्के क्षमता उरलेल्या जुन्या बॅटरीवर दीड तास. अशा घरात ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर हाताशी असायलाच हवा. इन्व्हर्टर हा फक्त तो जोडेपर्यंतचा अवकाश. दोन बॅटऱ्या जोडल्या तर वेळ दुप्पट नव्हे, सव्वादोन पटीहून थोडी अधिक मिळते, कारण प्रत्येक बॅटरीवरचा ताण अर्धा होतो.

चार्जिंगचा विचार मात्र क्वचितच होतो. चार्जर १०-१५ अँपिअरचा असेल, तर रिकामी १५० एएच बॅटरी भरायला दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात. सकाळी तीन तास वीज गेली आणि दुपारी पुन्हा गेली, तर दुसऱ्या वेळी हातात निम्मेच तास असतात.

आकडेमोड नको असेल तर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. बॅटरी पूर्ण भरून, नेहमीचा भार लावून एखाद्या रविवारी मुख्य स्विच बंद करावा आणि कमी बॅटरीची सूचना वाजेपर्यंतची वेळ टिपून ठेवावी. लगेच बॅटरी पुन्हा भरायला लावावी. रिकामी पडू देऊ नये. हीच चाचणी उन्हाळ्याआधी आणि दिवाळीनंतर केली की क्षमता किती घसरली ते कळते. पहिल्या चाचणीत साडेचार तास आणि आता दोन तास, अशी स्थिती असेल तर बॅटरी बदलण्याची वेळ आली आहे. रुग्ण असलेल्या घरात मात्र ही चाचणी त्याचे यंत्र दुसऱ्या सोयीवर ठेवूनच घ्यावी.