स्कोअरकार्ड आणि खंजिरी

मला दोन गोष्टींचा नाद आहे, हे घरच्यांना चांगलंच माहीत आहे. एक म्हणजे समोर उभं राहून ऐकायचं गाणं, शक्यतो कानठळ्या बसवणारं. आणि दुसरा नाद खेळाच्या आकड्यांचा. पेपर आला की बाकीचे पहिलं पान वाचायचे आणि मी थेट खेळाच्या पानावर, जिथे रणजीचे स्कोअर मुंगीएवढ्या अक्षरात छापलेले असत. आई म्हणायची, "अभ्यासात इतकं डोकं घातलं असतं तर..." असो.

हे दोन नाद सख्खे भाऊ आहेत असं मला हल्ली फार वाटायला लागलंय. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. जे एकदा घडलं आणि संपलं, ते मागे कसं ठेवायचं?

बेसबॉलवाल्यांनी याचं उत्तर फार लवकर शोधलं. धाकटा भाऊ बॉस्टनला असतो, त्याच्याकडे गेलो असताना तो मला फेनवे पार्कला घेऊन गेला. १९१२ सालचं मैदान. डावीकडच्या उंच हिरव्या भिंतीतला धावफलक आजही माणसं हातानं बदलतात. पण माझं लक्ष खेचलं ते शेजारच्या म्हाताऱ्यानं. गुडघ्यावर एक पुठ्ठा, त्यावर चौकटींचा कागद, कानावर पेन्सिल. प्रत्येक चेंडूनंतर काहीतरी खरडायचा. विचारल्यावर त्यानं आनंदानं समजावून सांगितलं. मैदानातल्या प्रत्येक जागेला नंबर असतो. पिचर १, कॅचर २ असं करत ९ पर्यंत. कागदावर ६-४-३ लिहिलेलं असलं की समजायचं, सहा नंबरवाल्यानं चेंडू अडवला, चार नंबरवाल्याला दिला, त्यानं तीन नंबरवाल्याकडे फेकला आणि दोन गडी एका दमात बाद. तीन आकड्यांत सगळा प्रसंग!

ही पद्धत रुजवली हेन्री चॅडविक नावाच्या पत्रकारानं. हा गृहस्थ जन्मला इंग्लंडमध्ये, वाढला ब्रुकलिनला आणि आधी क्रिकेटच्या बातम्या द्यायचा. क्रिकेटचा धावफलक डोक्यात होताच, तोच त्यानं १८५९ च्या सुमारास बेसबॉलला जोडला. म्हणजे माझ्या रणजीच्या बारीक अक्षरांचा आणि त्या म्हाताऱ्याच्या पेन्सिलीचा आजोबा एकच! पुढे १९८९ मध्ये रेट्रोशीट नावाची हौशी लोकांची संस्था निघाली. जुन्या सामन्यांचे तपशील गोळा करायचं काम ते करतात आणि त्यात सामान्य प्रेक्षकांनी जपलेली स्कोअरकार्डंसुद्धा कामी आली. कुणाच्या तरी माळ्यावरचा कागद, आणि त्यातून पन्नास वर्षांपूर्वीची एक दुपार पुन्हा उभी राहते.

रॉकवाल्यांनी दुसरा मार्ग धरला. ग्रेटफुल डेड हा अमेरिकी बँड रोज वेगळं वाजवायचा, म्हणून त्यांचे चाहते टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. बाकीचे बँड अशांना हाकलून द्यायचे. यांनी १९८४ मध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी प्रेक्षकांत वेगळी जागाच राखून ठेवली. त्यांचा ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम बँडच्याच ध्वनिमुद्रकानं टिपला होता. त्या टेपच्या नकलांच्या नकला इतक्या हातांतून फिरल्या की शेवटी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तो कार्यक्रम राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवून घेतला.

आता वऱ्हाडात येतो. कारण आमच्याकडे यातलं काय होतं, हा माझा खरा विषय आहे.

आमच्या लहानपणी अकोल्यात रॉक बँड कुठून येणार? यायच्या त्या कॅसेट. पहिला मोठा कार्यक्रम मी पाहिला तो १७ मार्च २००७ ला, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर, आयर्न मेडनचा. हजारो पोरं गिटारची धूनसुद्धा तोंडानं गात होती. पण त्या गर्दीत उभं असताना मला ते सगळं ओळखीचं वाटत होतं. छातीत घुमणारा ठोका, घामेजलेली अनोळखी माणसं एका तालात... हे तर मी श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी दरवर्षी पाहत आलो होतो. गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन कावडी राजराजेश्वराकडे येतात तेव्हा अकोल्याचे रस्ते असेच हलतात.

आणि खेळ? अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. १९१४ साली वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंत यांनी सुरू केलेला हा आखाडा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचा चमू तिकडे गेला आणि आपले देशी खेळ करून दाखवून आला. हुतूतू, मल्लखांब, लेझीम. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या गावांतून निघालेली पोरं, बोटीचा प्रवास आणि समोर युरोप. विचार करूनच अंगावर काटा येतो.

गंमत पुढे आहे. त्याच ऑलिंपिकमध्ये बेसबॉलसुद्धा पाहुणाच होता! १२ ऑगस्ट १९३६ च्या रात्री बर्लिनच्या मुख्य स्टेडियममध्ये दिव्यांच्या उजेडात अमेरिकेच्याच दोन संघांनी एक प्रदर्शनीय सामना खेळला. प्रेक्षक लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या बहुतेकांना खेळ कळत नव्हता. म्हणजे एकाच उन्हाळ्यात, एकाच शहरात, अमेरिकेचा बेसबॉल आणि अमरावतीचा हुतूतू, दोघंही जगाला सांगत होते, "आमचाही खेळ बघा की जरा!"

फरक कुठे आहे? बेसबॉलचा तो सामना ६-५ असा सुटला, सात डावांचा झाला, हे मी आज इथे बसून सांगू शकतो. बेसबॉलला तोवर कागदाची सत्तर-पंचाहत्तर वर्षांची सवय होती. हुतूतूचे नियमच अजून ठिकठिकाणी घासूनपुसून पक्के होत होते. अखिल भारतीय महासंघ निघाला १९५० ला, आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाला १९९० ला, आणि कुणी किती चढाया केल्या, किती पकडी केल्या हे घराघरांत टीव्हीवर दिसू लागलं ते २०१४ च्या प्रो कबड्डीनंतर. तोवरचे हजारो सामने आखाड्यातल्या मातीत गेले. लेझमीचं तर काय सांगू! वाद्य आणि व्यायाम एकाच हातात. माझे दोन्ही नाद आमच्या पूर्वजांनी एका दांडीला साखळी बांधून एकत्र केले होते, आणि तिच्या आवाजाचा स्कोअर कोण लिहिणार?

गाण्याचंही तेच. वऱ्हाडानं विसाव्या शतकात दोन असे लोक दिले, की ज्यांना समोर बसूनच ऐकायला हवं होतं.

एक तुकडोजी महाराज. जन्म १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली. वाद्य कोणतं, तर एक हातभर खंजिरी. तेवढ्यावर मैदानच्या मैदान धरून ठेवायचे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टीला उठाव झाला आणि त्याच महिन्यात इंग्रजांनी महाराजांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजनं म्हणणाऱ्या माणसाची सरकारला भीती वाटावी, याहून त्या ताकदीची मोठी पावती कोणती? १९५५ ला तीच खंजिरी घेऊन ते जपानच्या विश्वधर्म परिषदेत गेले. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये मोझरीला त्यांनी देह ठेवला. आता दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला मोझरीत प्रचंड गर्दी जमते आणि बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे गप्प उभे राहतात. गाणाऱ्या माणसासाठी जमलेली गर्दी, आणि आवाज शून्य. मी बरेच कार्यक्रम पाहिलेत, पण त्या शांततेइतकं "लाइव्ह" मी काही ऐकलेलं नाही.

दुसरे गाडगेबाबा. जन्म १८७६, शेंडगाव. वाढले मामाकडे, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. दिवसा खराटा, रात्री कीर्तन. त्यांच्या कीर्तनात ऐकणाऱ्यांना नुसतं बसून राहायची सोय नव्हती. बाबा प्रश्न विचारत आणि गर्दीनं उत्तर द्यायचं, तेही आपल्या बोलीत. उत्तर देता देता आपण कुठे फसलो, ते गर्दीला आपोआप कळायचं. आचार्य अत्र्यांनी लिहून ठेवलंय की बाबांना बघायचं तर कीर्तनातच बघावं. तिकीट काढून जाणारा प्रत्येक चाहता आपल्या लाडक्या बँडबद्दल हेच सांगतो की नाही?

बाबांच्या नशिबी थोडा कागद आणि थोडी टेप आली. गो. नी. दांडेकर, जन्मानं परतवाड्याचे, तरुणपणी बाबांच्या सहवासात राहिले आणि पुढे त्यांनी बाबांवर पुस्तक लिहिलं. आणि ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीपाशी बाबा गेले. आयुष्यभर गावोगाव इतकी कीर्तनं केली, आणि आवाज हाती लागला तो अगदी शेवटी शेवटी.

ते रेकॉर्डिंग मी आजीला ऐकवलं. आजी आता ८८ ची आहे. तिनं बाबांना पाहिलंय, मूर्तिजापूरजवळच्या तिच्या माहेरी, १९५३ च्या सुमारास. हेडफोन कानाला लावून दोन मिनिटं ऐकलं आणि काढून ठेवला. म्हणाली, "आवाज बाबाचाच हाय बापा. पन यात मानसं कोठी हायेत?"

माणसं कुठे आहेत! टेपमध्ये गर्दीचा आवाज आहे, पण आजीला हवी होती ती तिच्या गावची माणसं. मग ती सांगत बसली. बाबा सकाळीच आले आणि आधी सगळा पार झाडला. तिचे वडील, म्हणजे आमचे पणजोबा, मागच्या बाजूला चिलीम घेऊन बसले होते. बाबांनी विचारलं, लग्नासाठी कर्ज काढणारे कोण कोण आहेत? कुणी बोलेना. मग बाबांनी व्याजाचा हिशेब मांडायला सुरुवात केली आणि बेरीज गर्दीकडूनच करून घेतली. "माहे बाबा त्या राती जेवलेच नाहीत," आजी म्हणाली. दोन वर्षांनी आजीचं लग्न झालं. सावकाराकडे गेले नाहीत, वाजंत्री नव्हती, जेवणात वरण-भात आणि एक भाजी. जे शेत गहाण पडणार होतं, ते पुढे मामाआजोबांच्या नावावर राहिलं, आणि त्याच शेताच्या कापसावर आमच्या घरातली पहिली मुलगी अमरावतीला कॉलेजात गेली. आपली मोठी आत्या! (आत्या, हे तुला माहीत होतं का?)

हे कुठल्या टेपमध्ये सापडणार? टेप सांगते बाबा काय बोलले. चॅडविकसारखा कुणी बसला असता, तर किती प्रश्न विचारले आणि किती उत्तरं आली तेही लिहून ठेवलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एका माणसानं काय केलं, ही नोंद फक्त आजीजवळ आहे. इतिहासाच्या पुस्तकात "बाबांनी कर्ज काढून लग्न करू नका असं सांगितलं" हे एक वाक्य असतं. ते वाक्य कुणीतरी ऐकलं, आणि त्यामुळे एक शेत वाचलं, याचा पुरावा आमच्या घरात आहे आणि तो ८८ वर्षांचा आहे.

म्हणून मी आता एक दोनशे पानी वही केलीय, बेसबॉलच्या स्कोअरकार्डासारखी चौकटींची. कोणतं गाव, कोणतं साल, कोण गायलं किंवा कोण खेळलं, शेजारी कोण बसलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी काय झालं. शेवटची चौकट सगळ्यात मोठी ठेवलीय. आजीच्या सात नोंदी झाल्यात. त्यातल्या दोन गाडगेबाबांच्या, एक तुकडोजी महाराजांची, आणि चार शंकरपटाच्या. शंकरपटाबद्दल ती इतकी भरभरून बोलते की बैलांची नावं लिहिता लिहिता हात दुखतो. :-)

वय ७५ च्या पुढचं जे जे कुणी आपल्या घरात आहे, त्यांच्याकडे हीच चौकट घेऊन बसा, ही माझी विनंती आहे. काका, बाबुजींनी हनुमान व्यायामशाळेत काढलेली दोन वर्षं तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार? नागपूरच्या मावशी, मोझरीच्या त्या ४ वाजून ५८ मिनिटांच्या गर्दीत तुम्ही किती वेळा उभ्या होतात ते कळवा. आणि वाचणारी मित्रमंडळी सातारची असोत की सोलापूरची, तुमच्याकडचा तमाशा, भारूड, कुस्तीचा फड, काहीही चालेल.

साल नक्की आठवत नसेल तर "ज्या वर्षी कपाशी बुडाली त्या वर्षी" असं लिहा. ते आपण मागाहून जुळवू.