धातू नेमका कधी तुटतो? तांबट लेनपासून क्रॅश टेस्टपर्यंत

तांबं किती ताणलं की तुटतं? याला एकच एक आकडा नाही. ते कसं ताणलं, यावर उत्तर बदलतं.

नाशिकच्या तांबट लेनमधलं काम बघा. सपाट पत्रा मठारत मठारत त्याचा हंडा होतो. आकार पार बदलतो, तरी पत्रा फाटत नाही. कारागीर मधूनमधून तो तापवून मऊ करतात, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे हातोडीचा दाब.

तांबं, स्टील, ॲल्युमिनियम हे डक्टाइल धातू, म्हणजे तुटण्याआधी बरेच ताणले जाणारे. (२०१४ चा आयफोन ६ खिशात वाकायचा, आठवतंय? वाकणं म्हणजे तुटणं नव्हे.) अशा धातूत अशुद्धीचे बारीक कण असतात. धातू ओढला की त्या कणांभोवती पोकळ्या तयार होतात, फुगतात, एकमेकींना मिळतात आणि तडा जातो. दाबाखाली मात्र पोकळ्यांना फुगायला वावच मिळत नाही. पर्सी ब्रिजमन यांनी चहूबाजूंनी प्रचंड दाब ठेवून स्टील ओढून पाहिलं, तर ते एरवीपेक्षा खूप जास्त ताणलं गेलं. उच्च दाबावरच्या संशोधनासाठी त्यांना १९४६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही स्थिती मोजायला ट्रायअ‍ॅक्सिअ‍ॅलिटी नावाचा आकडा वापरतात. तिन्ही दिशांच्या ताणांची सरासरी काढायची आणि तिला आकार बदलवणाऱ्या ताणाने भागायचं. एकाच दिशेने दाबलं तर –०.३३, कात्रीसारखं कातरलं तर ०, सरळ ओढलं तर ०.३३. सळईला खाच पाडून ओढली की खाचेजवळ हा आकडा आणखी वाढतो आणि ती कमी ताणातच तुटते.

आता तुम्हाला वाटेल, आकडा जितका कमी तितका धातू सुरक्षित. मला इथलाच भाग सगळ्यात भारी वाटतो, कारण तसं नेहमी होत नाही. बाओ आणि वेझबिकी यांनी २००४ मध्ये विमानांत वापरल्या जाणाऱ्या २०२४ जातीच्या ॲल्युमिनियमवरचे प्रयोग मांडले. त्यात ते कातरताना, सरळ ओढण्यापेक्षा लवकर तुटलं! कातरताना पोकळ्या फारशा फुगत नाहीत. त्या लांबट होतात, फिरतात आणि तिरक्या पट्ट्यात जोडल्या जातात.

आमच्या सातपूरला महिंद्राच्या गाड्या बनतात. कुठलीही नवी गाडी खरी आपटण्याआधी कॉम्प्युटरवर आपटली जाते. सॉफ्टवेअर गाडीचे लाखो तुकडे पाडतं, प्रत्येकात ट्रायअ‍ॅक्सिअ‍ॅलिटी आणि ताण मोजतं आणि नुकसानीची बेरीज करत जातं. बेरीज १ झाली की तो तुकडा फाटला असं धरतं. तिथे फक्त सरळ ओढण्याचा आकडा भरला, तर स्क्रीनवर शाबूत दिसणारा दरवाजा रस्त्यावर फाटू शकतो. म्हणून लॅबमध्ये एकाच पत्र्याचे गुळगुळीत, खाच पाडलेले आणि कातरण्यासाठी खास आकारात कापलेले असे वेगवेगळे नमुने तोडून बघतात, आणि मगच ते आकडे सॉफ्टवेअरमध्ये जातात.