बहुपुटीय अंडाशय विकार : व्यायाम व वनौषधी

(पीसीओएस, बोलीत पीसीओडी). स्त्रियांमधील संप्रेरकांचा दीर्घकालीन विकार. अनियमित पाळी, चेहऱ्यावर लव, मुरुमे व वंध्यत्व ही प्रमुख लक्षणे. शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये त्याचे वर्णन केले. मुंबईतील १५ ते २४ वयोगटाच्या पाहणीत (२०१४) रॉटरडॅम या निदान-निकषांनुसार त्याचे प्रमाण २२.५ टक्के आढळले.

बहुतेक रुग्णांत इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही. वाढलेले इन्सुलिन अंडाशयातील पुरुषी संप्रेरके वाढवते आणि बीज पक्व होणे अडते. व्यायामाने स्नायू साखर अधिक वापरतात. म्हणून वजन न घटताही लाभ होतो. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे, सायकल किंवा पोहणे आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावी मुलींना पहाटे निर्धास्त चालता येईल असे मैदान मिळणे, हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

मेथी, दालचिनी आणि दारुहळदीतील बर्बेरीन यांवर छोटे अभ्यास झाले असून पुरावा अपुरा आहे. स्त्रीरोगांवर परंपरेने वापरल्या जाणाऱ्या अशोकाच्या सालीत भेसळ फार. शाळा-कचेऱ्यांच्या आवारात सरळसोट वाढणारा, लांब नागमोडी पानांचा आसुपालव हा खरा अशोक नव्हे. खऱ्याला केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात. मेटफॉर्मिन या साखर उतरवणाऱ्या औषधासोबत मेथीचा अर्क घेतल्यास साखर जास्त उतरू शकते. गर्भधारणेची शक्यता असताना बर्बेरीन टाळावे.